एका रेघेचे चार संकेत : कॉप्टिक अधिरेखा आणि पाठाची संकल्पना

१

इजिप्तमधील मठांत लिहिल्या गेलेल्या साहिदिक कॉप्टिक हस्तलिखिताचे कोणतेही पान समोर घेतले, तर प्रथम नजरेत भरतात त्या अक्षरांच्या डोक्यावरून गेलेल्या लहानमोठ्या आडव्या रेघा. काही रेघा एकाच अक्षरापुरत्या असतात. काही एका अक्षराच्या मध्यावर सुरू होऊन पुढच्या अक्षराच्या मध्यावर संपतात. काही दोनतीन अक्षरांना एकत्र झाकतात, तर काही ओळीच्या शेवटी अक्षर सोडून उजवीकडच्या कोऱ्या जागेत लोंबत राहतात. लेखनिकाच्या दृष्टीने ही सारी एकाच बोरूची एकाच दिशेची हालचाल होती. तिच्यासाठी त्याला वेगळी शाई लागत नव्हती की वेगळे नावही. आधुनिक अभ्यासकांनी तिला ‘अधिरेखा’ या अर्थाचे नाव दिले आणि ती एका वर्गात घातली.

ही रेघ संगणकात कशी साठवावी, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा आहे. तथापि १९९१ ते २००९ या काळात युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने या रेघेची जी वासलात लावली, तिचा इतिहास पाहिला की या तांत्रिक प्रश्नाच्या पोटात पाठचिकित्सेचा एक जुना प्रश्न दडलेला दिसतो. लिखित पानावरचे नेमके काय ‘पाठा’चे आणि काय केवळ त्याच्या दिसण्याचे, हा तो प्रश्न होय. हस्तलिखिताला त्याचे उत्तर द्यावे लागत नव्हते. संगणकाला ते दिल्यावाचून एक अक्षरही पुढे जाता येत नाही.

२

कॉप्टिक ही प्राचीन इजिप्ती भाषेची अखेरची अवस्था. चित्रलिपीची आणि तिच्यापासून निघालेल्या घसरत्या लिपींची परंपरा मागे टाकून ती ग्रीक वर्णमालेत लिहिली जाऊ लागली. ग्रीकमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी सहासात अक्षरे डेमोटिक लिपीतून घेण्यात आली. ‘श’, ‘फ’, ‘ह’ यांसारख्या ध्वनींची ही अक्षरे ग्रीक अक्षरांच्या रांगेत बसवलेली असली, तरी त्यांच्या वळणात त्यांचे इजिप्ती मूळ ओळखू येते. व्यंजनांची सोय अशी झाली. अडचण उरली ती अवयवाची, म्हणजे शब्दाच्या उच्चारी घटकाची.

ग्रीकमध्ये अवयवाला स्वराचा आधार असतो. इजिप्ती भाषेत मात्र म, न, र, ल यांसारखी व्यंजने स्वतःच अवयवाचा भार वाहू शकत होती. संस्कृतच्या अभ्यासकाला हे अपरिचित नाही. ‘ऋ’ आणि ‘ऌ’ यांची गणना स्वरांत होते ती याच कारणाने. ग्रीक वर्णमालेत मात्र अशा व्यंजनस्वराला चिन्हच नव्हते. साहिदिक बोलीच्या लेखनिकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे ही अधिरेखा. ‘ऐकणे’ या अर्थाचा शब्द साहिदिकमध्ये ‘सोत्म’ असा लिहिला जातो आणि शेवटच्या ‘म’वर, किंवा ‘त’ आणि ‘म’ यांना जोडणारी, रेघ येते. ‘म’ हा येथे एका अवयवाचा गाभा आहे, एवढेच ती वाचकाला सांगते.

देवनागरीशी तुलना केली असता या चिन्हाचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. देवनागरी व्यंजनात ‘अ’ अध्याहृत असतो, म्हणून तो नाही हे सांगण्यासाठी अक्षराचा पाय मोडावा लागतो. कॉप्टिक व्यंजनात काहीच अध्याहृत नसते, म्हणून येथे अवयव आहे हे सांगण्यासाठी अक्षराच्या डोक्यावर रेघ द्यावी लागते. एक चिन्ह अभाव दाखवते, दुसरे अस्तित्व.

कॉप्टिक हस्तलिखितांत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची पद्धत नव्हती, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. अखंड अक्षरमालिकेतून शब्द वेगळे करणे हे वाचकाचे काम होते. साहिदिकमधील अनेकवचनी निश्चित उपपद म्हणजे नुसता ‘न’. षष्ठीचा प्रत्ययही ‘न’ आणि नकाराचा पूर्वार्धही ‘न’. अशा स्थितीत एखाद्या ‘न’वर रेघ असली, तर तो मागच्या किंवा पुढच्या स्वराला चिकटलेला नसून स्वतंत्र अवयव आहे, एवढे निश्चित होते आणि बहुधा तेथूनच नवा शब्द सुरू होतो, हेही कळते. म्हणजे उच्चाराचे हे चिन्ह वाक्यरचनेचेही काम करते. ते काढून टाकल्यास अक्षर एकही कमी होत नाही. वाचन मात्र बिकट होते.

ही रेघ नक्की काय दाखवते, याबद्दल अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद होते. व्यंजनापूर्वी अस्फुट ‘ए’सारखा स्वर उच्चारला जात होता आणि रेघ म्हणजे त्या स्वराची खूण, असा एक पक्ष. व्यंजन स्वतःच अवयव बनते आणि रेघ म्हणजे त्या अवयवत्वाची खूण, असा दुसरा. विल्यम वॉरेल यांचा १९३४ सालचा ‘कॉप्टिक साउंड्स’ हा ग्रंथ आणि हान्स याकोब पोलोत्स्की यांचे त्याच दशकातील लेखन यांतून या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा झाली. बोलींची तुलना पहिल्या पक्षाला काहीसा आधार देते. साहिदिकमध्ये ‘श्म्शे’ असा, रेघेसह लिहिला जाणारा ‘सेवा करणे’ या अर्थाचा शब्द उत्तरेकडील बोहैरिक बोलीत ‘शेम्शि’ असा, ‘ए’ हे अक्षर घालून लिहितात. ‘सोत्म’चे तेथे ‘सोतेम’ होते. एका बोलीत जी रेघ आहे, ती दुसरीत अक्षर आहे. चिन्ह आणि अक्षर यांच्यामधील सीमा भाषेतच पक्की नव्हती, असा याचा अर्थ होतो.

बोहैरिकने पुढे स्वतःचे एक विशेषक चिन्ह रूढ केले. त्याचे नाव ‘जिन्किम’, म्हणजे ‘हालचाल’. जुन्या हस्तलिखितांत ते अक्षरावरच्या टिंबासारखे दिसते. नंतरच्या काळात त्याला डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या फटकाऱ्याचे रूप आले आणि त्याच्या वापराचे क्षेत्रही वाढले. बोहैरिक ही कॉप्टिक चर्चची उपासनाभाषा झाल्यामुळे जिन्किम आजही प्रार्थनाग्रंथांत छापले जाते आणि वाचले जाते. साहिदिक रेघ ग्रंथालयांत उरली. जिन्किम उपासकांच्या तोंडी राहिले.

अवयवदर्शक रेघेखेरीज त्याच पानांवर आणखी तीन प्रकारच्या रेघा दिसतात. ‘येशू’, ‘ख्रिस्त’, ‘प्रभू’ यांसारखी पवित्र नामे संक्षेपाने लिहून त्यांच्यावर रेघ देण्याची पद्धत ग्रीक हस्तलिखितांतून आली. अंकांसाठी अक्षरेच वापरली जात असल्यामुळे ‘हे अक्षर नव्हे, अंक आहे’ असे सांगण्यासाठीही रेघ देत. ओळीच्या शेवटी जागा अपुरी पडली, तर स्वरानंतरचा ‘न’ न लिहिता त्याच्या जागी पुढे सरकलेली रेघ काढत. अवयव, संक्षेप, अंक आणि गाळलेले अक्षर असे हे चार अर्थ होत. त्यांतला कोणता अर्थ कोठे घ्यायचा, हे वाचकाला संदर्भावरून कळत असे.

३

युरोपातील मुद्रणयुगात कॉप्टिक आली ती रोममार्गे. आथानासिउस किर्खर याचा ‘प्रोड्रोमुस कोप्टुस’ हा ग्रंथ १६३६ साली तेथे छापला गेला. १७१६ साली डेव्हिड विल्किन्स याने ऑक्सफर्ड येथे बोहैरिक नवा करार प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकात शॅम्पोलियन याला चित्रलिपी उलगडताना कॉप्टिकच्या ज्ञानाचा जो उपयोग झाला, त्यामुळे या भाषेच्या अभ्यासाला प्रतिष्ठा मिळाली. पुढे व्याकरणे, कोश आणि बायबलच्या चिकित्सक आवृत्त्या निघाल्या. १९३९ साली पूर्ण झालेला वॉल्टर क्रम यांचा कॉप्टिक कोश हा या परंपरेचा कळस मानला जातो.

शिशाच्या खिळ्यांची छपाई प्रत्येक अक्षराला स्वतःचा चौकोनी ठोकळा देते. एका अक्षरावरची रेघ त्या ठोकळ्यावरच ओतून घेता येते. दोन अक्षरांच्या मध्यांना जोडणारी रेघ मात्र कोणत्याच ठोकळ्याची नसते. तिच्यासाठी एक तर जोडखिळे पाडावे लागतात किंवा वरून स्वतंत्र पट्टी बसवावी लागते. त्यामुळे अनेक छापील आवृत्त्यांत हस्तलिखितातील जोडरेघ आखडून एकाच अक्षराच्या डोक्यावर येऊन बसली. यामागे संपादकाचे काही ठरलेले मत होतेच असे नाही. बऱ्याचदा जुळाऱ्याच्या सोयीने ते ठरले. पण परिणाम असा झाला की रेघ ही ‘अक्षराची’ असते, दोन अक्षरांमधील संबंधाची नसते, अशी समजूत छापील पानातून रुजली.

या समजुतीला धक्का बसला तो मूळ पानांकडे परत गेल्यामुळे. डिसेंबर १९४५ मध्ये वरच्या इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ तेरा कोडेक्सचा संग्रह सापडला. युनेस्कोच्या साहाय्याने त्यांची छायाचित्रित आवृत्ती १९७२ ते १९८४ या काळात प्रसिद्ध झाली आणि लेखनिकांच्या रेघा जगभरच्या अभ्यासकांसमोर जशाच्या तशा आल्या. बेंटले लेटन यांनी १९७३ साली दुसऱ्या कोडेक्समधील एका ग्रंथाच्या पाठाबरोबर त्याच्या लेखनपद्धतीचाही बारकाईने अभ्यास केला. रेघ कोठे सुरू होते, कोठे संपते आणि कोठे नसते यांत एक नियमबद्ध व्यवस्था असू शकते, ही गोष्ट अशा अभ्यासांतून पुढे आली. रेघेची लांबी हा लेखनिकाचा लहरीपणा न राहता पुराव्याचा भाग झाली.

त्याच काळात कॉप्टिक वाङ्मयाच्या पुनर्बांधणीचे एक मोठे काम सुरू होते. सोहागजवळील ‘पांढऱ्या मठा’चा पाचव्या शतकातील मठाधिपती शेनूते हा कॉप्टिक गद्याचा सर्वांत महत्त्वाचा लेखक होय. त्याच्या मठाचे ग्रंथालय अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पानापानाने विकले गेले. कार्डिनल बोर्जिया यांच्या संग्रहातील पाने व्हॅटिकन आणि नेपल्स येथे गेली. गेओर्ग झोएगा याने तयार केलेली त्या संग्रहाची सूची १८१० साली रोममध्ये प्रसिद्ध झाली. १८८० च्या दशकात हजारो पाने पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचली. एकाच कोडेक्सची पाने पॅरिस, नेपल्स, व्हिएन्ना, लंडन आणि कैरो अशी विखुरली. ती जुळवायची तर हस्ताक्षर, पृष्ठांक आणि लेखनाच्या बारीकसारीक सवयी यांचाच आधार घ्यावा लागतो. स्टीफन एमेल यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला शेनूतेच्या ग्रंथसंपदेचा अभ्यास हे या कामाचे मोठे फलित. मूळ कोडेक्स पुन्हा प्रत्यक्षात एकत्र बांधले जाणे दुरापास्त आहे. ते एकत्र येऊ शकतात ते संगणकीय आवृत्तीतच. म्हणून त्या आवृत्तीत रेघेचे काय होते, या प्रश्नाला केवळ हौशी महत्त्व नाही.

४

ग्रीक पाठ संगणकात भरण्यासाठी डेव्हिड पॅकर्ड यांनी १९७० च्या दशकात ‘बीटा कोड’ ही पद्धत तयार केली. तीत ग्रीक अक्षरे रोमन अक्षरांनी आणि विशेषक चिन्हे कळफलकावरच्या साध्या खुणांनी दर्शवीत. तिचा मोठा गुण असा की तीत दिसण्याचा मोहच नव्हता. पडद्यावर दिसे ती उघडउघड एक सांकेतिक नोंद. रोममध्ये टीटो ओर्लांदी यांनी कॉप्टिक वाङ्मयीन हस्तलिखितांचा संगणकीय संग्रह उभारण्यास आरंभ केला. ते कॉप्टिकचे अभ्यासक आणि मानव्यविद्यांतील संगणनाचे एक आरंभीचे सिद्धांतक; त्यांचे ‘इन्फर्मातिका उमानिस्तिका’ हे पुस्तक १९९० साली निघाले. संकेतन हा पाठाविषयीचा एक सैद्धांतिक निर्णय असतो, ही जाणीव कॉप्टिकच्या क्षेत्रात लवकर आली, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी या दुहेरी अधिकाराला द्यावे लागते.

व्यवहारात मात्र वैयक्तिक संगणक आले तेव्हा वेगळीच वाट रूढ झाली. रोमन अक्षरांच्या जागी कॉप्टिक आकृती बसवलेले फाँट तयार झाले. संगणकाच्या लेखी साठवलेला मजकूर रोमनच राही. फाँट बदलताच तो निरर्थक होई. प्रत्येक फाँटमध्ये रेघेची जागा वेगळी होती. काहींत जिन्किम अक्षराच्या आधी टंकित करावे लागे. डोळ्यांना दोन्ही पाने सारखी दिसत. यंत्राला ती निराळी होती. मराठी वाचकाला हा अनुभव नवा नाही. १९९० च्या दशकात देवनागरीचे अनेक फाँट अशाच पद्धतीने चालत आणि एकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की त्याचे कडबोळे होई.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तीत कॉप्टिकला स्वतंत्र लिपी मानलेले नव्हते. ग्रीकशी समान असलेली अक्षरे ग्रीकच्याच संकेतांकांवर आणि डेमोटिकमधून आलेली सात अक्षरे, लहानमोठ्या रूपांसह, ग्रीक विभागाच्या एका कोपऱ्यात, अशी ती व्यवस्था होती. या व्यवस्थेत एका भाषेचे वेगळेपण तिच्या सात अक्षरांपुरते उरले. कॉप्टिकमध्ये ग्रीक शब्दांचा भरणा मोठा असल्याने कोशांत आणि चिकित्सक आवृत्त्यांत दोन्ही लिपी एकाच ओळीत येतात. साध्या मजकुरात त्यांतला भेद उरणार नसेल, तर कोणता शब्द कोणत्या भाषेचा, हे फाँटवर अवलंबून राहणार होते.

लिपितज्ज्ञ मायकेल एव्हरसन आणि कॉप्टिकचे अभ्यासक यांच्या प्रयत्नांनी मार्च २००५ मध्ये युनिकोडच्या ४.१ आवृत्तीत कॉप्टिकला स्वतंत्र विभाग मिळाला. पण एकदा दिलेला संकेतांक मागे घ्यायचा नाही, हा युनिकोडचा नियम. त्यामुळे ती सात अक्षरे ग्रीक विभागातच राहिली आणि बाकीची नव्या घरात गेली. आजही कॉप्टिकमधील एखादा सामान्य शब्द साठवताना यंत्राला दोन विभागांत हेलपाटे घालावे लागतात. ग्रीक अक्षरे आणि इजिप्ती अक्षरे एका रांगेत बसवणाऱ्या पहिल्या लेखनिकांनी जी सांधेजोड केली होती, ती या अपघाताने पुन्हा उसवली गेली.

अक्षरांचा प्रश्न असा मिटला, रेघेचा राहिला. युनिकोडमध्ये आधीपासून दोन रेघा होत्या. एक ‘मॅक्रॉन’, जी रोमन लिपीत दीर्घ स्वर दाखवण्यासाठी वापरतात. दुसरी ‘ओव्हरलाइन’, जी शेजारच्या अक्षरावरील रेघेला जोडली जाते. एका अक्षरावरच्या साहिदिक रेघेसाठी मॅक्रॉन वापरावी, असे ठरले. जे चिन्ह लॅटिनच्या अभ्यासकांनी स्वराची लांबी दाखवण्यासाठी घेतले, ते येथे स्वर नसतानाचा अवयव दाखवू लागले. संक्षिप्त नामांना आणि अंकांना ओव्हरलाइन मिळाली. दोन अक्षरांना जोडणाऱ्या रेघेसाठी एप्रिल २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत, रेघेचा डावा अर्धा, उजवा अर्धा आणि मधला सांधणारा भाग असे तीन नवे संकेत दाखल झाले. लेखनिकाने एका झटक्यात ओढलेली रेघ आता तुकड्यांनी साठवली जाते आणि फाँट ती तुकडे जुळवून दाखवतो. ऑक्टोबर २००९ मध्ये, ५.२ आवृत्तीत, ओळीच्या शेवटी गाळलेल्या ‘न’साठी खास कॉप्टिक चिन्ह आले. बोहैरिक जिन्किमला मात्र नवा संकेत मिळाला नाही. टिंबाच्या रूपात असेल तर सर्वसाधारण टिंब, तिरक्या रूपात असेल तर सर्वसाधारण तिरका आघात वापरावा, असे ठरले.

५

या निर्णयांची मांडणी एकत्र केली की त्यांतील विसंगती लक्षात येते. जिन्किमच्या बाबतीत कार्य एक आणि रूपे दोन असताना संकेतही दोन ठरले. म्हणजे रूपाला महत्त्व दिले गेले. ओळीअखेरच्या रेघेच्या बाबतीत रूप रेघेचेच असताना, ती एका अक्षराच्या ऐवजी येते म्हणून तिला स्वतंत्र संकेत मिळाला. म्हणजे कार्याला महत्त्व दिले गेले. अवयवाची लांबलेली रेघ आणि संक्षेपाची रेघ पानावर एकसारख्या दिसू शकतात. त्या वेगळ्या साठवायच्या, तर भरणाऱ्याला आधी वाचावे आणि समजून घ्यावे लागते. युनिकोडचे घोषित तत्त्व असे की संकेत द्यायचा तो अमूर्त वर्णाला, त्याच्या आकृतीला नव्हे. पण आकृती कोठे संपते आणि वर्ण कोठे सुरू होतो, हे या रेघेने शेवटपर्यंत स्पष्ट होऊ दिले नाही.

नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या १९६८ सालच्या ग्रंथात अंकनपद्धतीची एक अट सांगितली आहे. कोणतीही खूण एकाच वेळी दोन वर्णांची असता कामा नये आणि ती कोणत्या वर्णाची आहे, हे ठरवता आले पाहिजे. संगणकीय संकेतप्रणाली ही अट तंतोतंत पाळते. हस्तलिखितातील अधिरेखा ती पाळत नाही. तेथे एकच खूण चार वर्णांची असू शकते आणि काही ठिकाणी ती कोणाची, हे अनिर्णितही राहू शकते. म्हणून हस्तलिखिताकडून संकेताकडे जाणे ही नक्कल ठरत नाही. ते एक वाचन ठरते.

पाठचिकित्सेच्या परिभाषेत डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९५० च्या सुमारास केलेला भेद येथे आठवतो. शब्द हे पाठातील ‘सारभूत’ घटक आणि विरामचिन्हे, लेखनपद्धती इत्यादी ‘आनुषंगिक’, असा तो भेद. सामान्यतः संपादक आनुषंगिकांबाबत उदार असतो. कॉप्टिक अधिरेखा हा भेद टिकू देत नाही. ‘सोत्म’वरची रेघ ही आनुषंगिक म्हणावी, तर बोहैरिकमध्ये तिच्याच जागी सारभूत अक्षर उभे आहे. ओळीअखेरची रेघ आनुषंगिक म्हणून गाळली, तर शब्दाचे एक अक्षरच नाहीसे होते. आणि पांढऱ्या मठाच्या पानांबाबत तर जोडरेघेची सवय ही अमुक पान अमुक हाताचे, हे ओळखण्याची एक खूण असते.

अलीकडच्या संगणकीय आवृत्त्यांनी यावर शोधलेला मार्ग म्हणजे एकाच पाठाचे अनेक थर. २०१३ पासून चाललेल्या ‘कॉप्टिक स्क्रिप्टोरियम’ या प्रकल्पात हस्तलिखिताबरहुकूम लेखनाचा एक थर आणि प्रमाणित रूपाचा दुसरा थर ठेवलेला असतो. शोध घ्यायचा तो दुसऱ्यात, पुरावा पाहायचा तो पहिल्यात. ही तडजोड उपयुक्त आहे. पण तिने मूळ प्रश्न मिटत नाही. पहिल्या थरातही रेघ कोणत्या संकेताने भरायची, हे कोणीतरी ठरवलेले असतेच. फरक एवढाच की तो निर्णय आता ‘मूळ’ या नावाखाली येतो आणि म्हणून तो दिसत नाही. छायाचित्रित आवृत्तीत रेघ जशी होती तशी असते, पण तिच्यात शोध घेता येत नाही. संकेतित आवृत्तीत शोध घेता येतो, पण रेघ आधीच वाचलेली असते.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. अक्षराच्या डोक्यावरचे चिन्ह पाठाचे की केवळ लेखनाचे, हा वाद मराठीत अनुस्वाराच्या निमित्ताने दीर्घकाळ चालला. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी व्युत्पत्तीने येणारे पण उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. जुन्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण करताना ते ठेवावेत की काढावेत, हे प्रत्येक संपादकाला तेव्हापासून ठरवावे लागले आहे. संकेतनाच्या इतिहासातही एक योग आहे. युनिकोडच्या ज्या ५.१ आवृत्तीत कॉप्टिक रेघेचे तुकडे दाखल झाले, त्याच आवृत्तीत मराठीतील ‘ॲ’ हे अक्षरही आले. तोपर्यंत मराठीभाषकांना हे अक्षर ‘अ’वर चंद्र ठेवून किंवा अन्य युक्तीने साधावे लागे. ‘ॲसिड’ लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने ते एक अक्षर होते. प्रणालीच्या दृष्टीने एप्रिल २००८ पर्यंत ते अस्तित्वातच नव्हते. अक्षर काय आणि चिन्ह काय, हे भाषा वापरणारे एका रीतीने ठरवतात आणि प्रणाली दुसऱ्या रीतीने. आणि प्रणालीचा निर्णय एकदा झाला की तो बदलत नाही.

६

कॉप्टिक अधिरेखेच्या या प्रवासात प्रत्येक माध्यमाने तिच्याकडून वेगळे उत्तर घेतलेले दिसते. बोरूने तिला अर्थांच्या सीमेवर मोकळे सोडले. खिळ्याने तिला एका अक्षराशी बांधले. छायाचित्राने तिला तिचे रूप परत दिले, पण तिला मुके ठेवले. संकेताने तिला बोलके केले, आणि त्यासाठी तिची निरनिराळ्या नावांखाली वाटणी केली. यांपैकी कोणतेही माध्यम दुसऱ्यापेक्षा प्रामाणिक होते, असे म्हणता येत नाही. मात्र पहिल्या तिघांचे निर्णय पानावर दिसत होते. छापील रेघ आखडलेली आहे, हे हस्तलिखित शेजारी ठेवताच कळत असे. संकेताचा निर्णय डोळ्यांना दिसत नाही. मॅक्रॉन आणि ओव्हरलाइन पडद्यावर जवळजवळ सारख्याच दिसतात.

याचे परिणाम कल्पनेतले नाहीत. शेनूतेच्या एखाद्या प्रवचनाचे एक पान पॅरिसमध्ये आणि त्याला लागून असलेले नेपल्समध्ये असू शकते. दोन संपादक ती स्वतंत्रपणे संगणकात भरतील. एक जोडरेघ तुकड्यांनी साठवील, दुसरा जुन्या छापील परंपरेप्रमाणे ती एका अक्षरावर मॅक्रॉन म्हणून देईल. दोघांचेही काम आपापल्या परीने निर्दोष असेल. पण पुढे या संग्रहातून लेखनाच्या सवयींवरून एकाच हाताची पाने शोधू पाहणाऱ्या यंत्राला ती दोन पाने दोन लेखनिकांची वाटतील. दोन शतकांपूर्वी पाने विकणाऱ्यांनी जे तोडले, तेच संकेतातून पुन्हा तुटेल. ते टाळायचे, तर रेघ कोणत्या संकेताने आणि कोणत्या कारणासाठी भरली, हे प्रत्येक संपादकाने आपल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत पाठभेदांइतक्याच काटेकोरपणे नमूद केले पाहिजे.